गल्ला वेगळा, खिसा वेगळा : पुण्यात छोटा धंदा वर्षानुवर्षं चालवायचा तर

धंदा सुरू कसा करावा हे सांगणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात. कोथरूडपासून वाघोलीपर्यंत रोज कुठे ना कुठे फीत कापली जाते, पेढे वाटले जातात, आणि दीड-दोन वर्षांत त्याच शटरवर ‘जागा भाड्याने देणे आहे’ची पाटी लागते. मी पेठेत बसून छोट्या दुकानदारांचे आणि कारखानदारांचे हिशेब लिहितो. बंद पडलेल्या धंद्यांच्या वह्या चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते : विक्री वाईट नव्हती. माल चांगला, गिऱ्हाईक नेमाने येणारं. गल्ल्यातले पैसे नेमके कुणाचे, एवढंच मालकाने कधी ठरवलं नव्हतं. घरचा किराणा गल्ल्यातून, मुलाची फी गल्ल्यातून, आणि व्यापाऱ्याचं बिल द्यायची वेळ आली की घरातलं सोनं गहाण.

म्हणून खालच्या पायऱ्या तिथूनच सुरू होतात. पहिल्या दोन पहिल्याच महिन्यात उरका, बाकीच्या सवडीने चढा.

पायरी १ : दोन खाती आणि मालकाचा पगार

धंद्याचं करंट खातं वेगळं काढा. विक्री सगळी तिथेच जमा झाली पाहिजे. काउंटरवरचा क्यूआर कोडही त्याच खात्याचा हवा. पुष्कळ जण घाईघाईत स्वतःच्या बचत खात्याचा कोड चिकटवून मोकळे होतात. मग मेहुण्याने परत केलेले हातउसने आणि दिवसाची विक्री एकाच रांगेत उभी राहते. उद्या कर खात्याने विचारणा केली, तर यातलं काय विक्री नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता पगार. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला करंट खात्यातून तुमच्या घरखात्यात एक ठरावीक रक्कम वळती करा. किती? तुमचं काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला जितके द्यावे लागले असते तितके. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात आयकर खातं हा पगार खर्च म्हणून धरत नाही, ती तुमची उचलच समजली जाते. पण आपल्या वहीत तो खर्च म्हणूनच लिहा, कारण तो लिहिल्याशिवाय नफा आहे की नाही हे कळतच नाही. घरात दुखणं-खुपणं निघालं आणि जास्तीचे काढावे लागले, तर काढा. पैसे तुमचेच आहेत. फक्त ‘उचल’ म्हणून तारीख घालून नोंद करा.

शटर ओढण्याआधी रोजमेळ लिहायचा. सकाळची शिल्लक, अधिक दिवसाची रोख विक्री, वजा दिलेले पैसे, बरोबर रात्रीची शिल्लक. मग गल्ला मोजायचा. वहीत ६,४२० आणि गल्ल्यात ६,१८० असले, तर ते २४० कुठे गेले ते त्याच रात्री आठवतं : दुपारी टेम्पोवाल्याला हमालीचे दिले होते. दुसऱ्या दिवशी ते कुणालाच आठवत नाही. अ‍ॅप वापरा, टॅली वापरा, नाहीतर रविवार पेठेतून लाल कापडी वही आणा. साधन कुठलंही चालेल. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करायची आणि कार्तिकापासून ती कोरी ठेवायची, एवढं मात्र करू नका.

पायरी २ : भाव ठरवताना स्वतःला विसरू नका

इथे जरा रेंगाळू, कारण निम्मे धंदे इथेच आजारी पडतात.

समजा कर्वेनगरमध्ये एक ताई भाजणीची चकली करून विकतात. भाव किलोला ४०० रुपये. किलोमागे भाजणी दळणावळीसकट ७०, तेल ५०, तीळ-तिखट-मीठ १५, गॅस २०, पिशवी आणि लेबल १२, एकूण १६७. मदतीला एक मावशी, रोज ५०० रुपये. दोघी मिळून दिवसाला १० किलो करतात, महिन्यात २५ दिवस, म्हणजे २५० किलो. किलोमागे सुटतात २३३, महिन्याचे झाले ५८,२५०. मावशींचे १२,५०० गेले, उरले ४५,७५०. गाळ्याचं भाडं १८,०००, वीज २,५००, पेट्रोल ३,०००, फोन आणि किरकोळ १,५००. हातात राहिले २०,७५०.

ताई खूश असतात. ‘महिन्याला वीस हजार सुटतात,’ असं सांगतातही. पण त्या सकाळी सातपासून कढईपुढे उभ्या असतात, संध्याकाळी स्कूटरवरून पुड्या पोचवतात, रात्री ऑर्डरी लिहितात. हेच काम दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात केलं असतं तर समजा २२,००० मिळाले असते. म्हणजे हा धंदा दरमहा १,२५० रुपयांनी तोट्यात आहे, आणि तो तोटा ताई स्वतःच्या पाठीने भरून काढताहेत. चकलीचं मशिन बिघडलं, तेल महागलं किंवा ताईंना आठवडाभर ताप आला, तर भरपाईला काही नाही.

भाव ४४० केला तर? विक्री तेवढीच राहिली तर दरमहा १०,००० वाढतात. ‘गिऱ्हाईक तुटेल’ ही भीती रास्त आहे, पण तीही आकड्यात मांडून बघा. दहा टक्के गिऱ्हाईक गेलं, २२५ किलोच खपलं, तरी किलोला २७३ प्रमाणे ६१,४२५ येतात; मावशी, गाळा आणि बाकी खर्च वजा जाता २३,९२५ उरतात. ताईंचा पगार निघून वर १,९२५ शिल्लक, आणि कामही कमी. भाव वाढवायचा तर दिवाळीच्या तोंडावर वाढवू नका, लोकांच्या डोळ्यांवर येतं. दिवाळीच्या पाडव्यानंतर वाढवा, नेहमीच्या गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी सांगा. आणि वजन गुपचूप कमी करू नका. पुणेकर चकल्या मोजतो.

दुकानात माल ठेवायला दिला तर दुकानदाराचं कमिशन, अ‍ॅपवरून विकला तर त्यांची कापणी, हेही याच हिशेबात धरायचं. पाटीवरचा भाव कितीही असो, सगळं कापून खात्यात किती पडतात तोच तुमचा भाव.

पायरी ३ : कागदपत्रं

ही पायरी लोकांना डोंगराएवढी वाटते, पण ती भरभर उरकते. दुकान असेल तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते; तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्याला नमस्कार करा. व्यवसाय कराचा नंबर काढा, वर्षाला २,५०० रुपये. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना. पाटी देवनागरीत हवी, आणि तिच्यावरची मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत.

जीएसटी महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपुढे आणि सेवेला २० लाखांपुढे लागतो. अनेकांना छोट्या धंद्यासाठीची कंपोझिशन योजना सोयीची वाटते : दीड कोटीपर्यंत उलाढाल, व्यापारी आणि उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का, हॉटेलला ५ टक्के. पण त्यात गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, परराज्यात माल विकता येत नाही, आणि तुमच्याकडून घेणाऱ्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, मिळत नाही. पेठेतल्या फरसाणवाल्याला ती चालेल. भोसरीत कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, त्याचं गिऱ्हाईकच पळेल.

पायरी ४ : जागेचा करार वाचा, सगळा

लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं राज्याच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे. ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणारा मालक गोड बोलतोय, पण कागद कराच. करारात चार जागी बोट ठेवून बघा : लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचा, दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार, नोटीस किती दिवसांची, आणि डिपॉझिट कधी व काय कापून परत मिळणार. फर्निचरवर पाच लाख घालणार असाल आणि करार अकरा महिन्यांचा असेल, तर ते पाच लाख घरमालकाच्या मर्जीवर टांगलेत असं समजा. पूर्ण तीन किंवा पाच वर्षांचा करार मागा.

दुकानापुढची मोकळी जागा दाखवून कुणी भाडं वाढवून मागत असेल तर सावध राहा. इमारतीच्या मोकळ्या मार्जिनमध्ये टाकलेली शेड महापालिकेची गाडी आली की जाते. भाडं मात्र तेच राहतं. रस्त्याचं पुढे काय होणार हेही विचारून ठेवा. गणेशखिंड रस्त्यावर मेट्रोचं आणि सिंहगड रोडवर पुलाचं काम चालू होतं, तेव्हा गाडी थांबवायला जागा नव्हती. थांबून घेणाऱ्या गिऱ्हाइकावर ज्यांचं पोट होतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पायरी ५ : उधारीला तारीख लावा

किरकोळ दुकानात उधारी टाळता येते. कंपन्यांना माल पुरवणाऱ्याला ती टळत नाही, तिथे ती आवरावी लागते.

भोसरीतला एखादा कारखानदार घ्या. एका मोठ्या कंपनीला दरमहा ३ लाखांचा माल जातो आणि पैसे तीन महिन्यांनी येतात. म्हणजे कायम ९ लाख अडकलेले. शिवाय १८ टक्क्यांनी ५४,००० जीएसटी, इनपुट क्रेडिट वजा जाता जो उरेल तो, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. कंपनीने पैसे दिले असोत वा नसोत. पर्चेसच्या माणसाला फोन करावा तर साहेब टूरवर, बिल सिस्टिममध्ये अडकलंय, पुढच्या सायकलमध्ये बघू. वहीत नफा दिसतोय आणि कामगारांचा पगार करायला भिशी उचलावी लागतेय.

इथे उद्यम नोंदणी कामाला येते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने केलेला माल किंवा दिलेली सेवा घेतली, तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं २००६च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्यात आणखी एक चावी बसली : मुदत उलटली तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षात आयकरात वजा करता येतो. त्यामुळे मार्चमध्ये कंपन्यांचे अकाउंटंट आपण होऊन फोन करू लागलेत. नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही.

सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, ती थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेपुढे जाते. पण खरं सांगायचं तर रोजच्या गिऱ्हाइकावर तक्रार करायला कुणी धजत नाही. म्हणून तक्रारीच्या आधीची कामं चोख ठेवा. उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख प्रत्येक बिलावर छापा. माल पोचल्याची सही-शिक्का असलेली पावती त्याच दिवशी घ्या. मुदतीच्या आठवडाभर आधी आठवणीचा मेल पाठवा. मुदत उलटून गेल्यावर केलेल्या फोनपेक्षा तो जास्त चालतो. घेणारी कंपनी ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन व्यासपीठावर) असेल तर बिल तिथे वटवून थोड्या व्याजात पैसे लवकर मिळतात. आणि जुनं येणं ठरावीक रकमेपुढे गेलं की नवा माल थांबवायचा. ही रक्कम शांत डोक्याने आधीच लिहून ठेवा, कारण ऑर्डर समोर असताना ती कुणालाच आठवत नाही.

पायरी ६ : पुण्याचं वर्ष ओळखा

बारा महिने सारखे जाणारा धंदा या शहरात जवळपास नाही. मे महिन्यात मुलं गावी गेली की सदाशिव पेठेतल्या मेस आणि झेरॉक्सवाले बसून असतात. पालख्या मुक्कामाला आल्या की भवानी पेठ, नाना पेठेत टेम्पो शिरत नाही. श्रावणात मटण-खानावळीचा गल्ला अर्ध्यावर येतो. गणपतीत लक्ष्मी रोडला माणसांचा पूर असतो, पण विसर्जनाच्या दिवशी तिथे मालाची गाडी आणणं विसरा. लगेच पितृपक्ष, कापडवाले आणि सराफ हात चोळत बसतात, आणि मग दसरा-दिवाळीत श्वास घ्यायला फुरसत नाही. पदार्थ करणाऱ्याने गुरुवारच्या पाणीबंदीचीही सोय बघायची.

मागच्या वर्षाचा रोजमेळ काढा आणि महिन्यावार विक्री एका कागदावर उतरवा. कमी विक्रीचे महिने लाल करा. त्या महिन्यांतलं भाडं, पगार, हप्ते आधीच्या चांगल्या महिन्यांतून बाजूला पडले पाहिजेत. माझ्या मते निदान तीन महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाइतकी रक्कम मुदत ठेवीत हवी. भिशीत नको, कारण नेमका आपला नंबर लागत नाही. दिवाळीच्या बोनसचंही तसंच. कामगार एक पगार धरूनच चालतो, तर दरमहा त्याचा बारावा हिस्सा काढून ठेवा.

विमा दुकानातल्या मालाच्या पुऱ्या किमतीचा घ्या. माल १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीत कंपनी साधारण निम्मेच देते. आणि पॉलिसीत पूर धरलाय ना, ते विचारा. जुलै २०२४मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पायरी ७ : सगळं एका खुंटीला टांगू नका

एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त विक्री येत असेल, तर ती नोकरीच आहे, फक्त पीएफ नाही. दुसरं, तिसरं गिऱ्हाईक शोधायला दर महिन्यात वेळ काढा. सेनापती बापट रस्त्यावरच्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेच्या कार्यक्रमांना जा. संस्था १९३४ची आहे आणि तिथे छोट्यांनाही मोठ्या कंपन्यांची माणसं भेटतात. घरगुती माल करणाऱ्यांनी डिसेंबरातली भीमथडी जत्रा बघावी. तिथली विक्री हा वरचा फायदा. नवे दुकानदार ओळखीचे होतात ते जास्त मोलाचं.

मार्केटयार्डात एकाच अडत्याकडून वर्षानुवर्षं घेणं सोयीचं असतं, तरी दुसऱ्याचा भाव महिन्यातून एकदा विचारत जा. बँकेचंही तेच. रुपी बँकेवर २०१३मध्ये निर्बंध आले, २०२२मध्ये परवाना गेला; ज्यांचं सगळं खेळतं भांडवल तिथे होतं त्यांचा धंदा बँकेबरोबर अडकला. ठेवीला विम्याचं कवच एका बँकेत ५ लाखांपर्यंत असतं, आणि तुमचं बचत खातं व तुमच्या एकट्याच्या मालकीच्या धंद्याचं खातं त्यासाठी एकत्रच धरतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही.

पायरी ८ : कर्ज कशासाठी, ते आधी लिहा

यंत्र घ्यायचं तर मुदतीचं कर्ज, माल भरायचा तर कॅश क्रेडिट (बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेत लागेल तसे काढायचे-भरायचे पैसे). कॅश क्रेडिटच्या पैशातून यंत्र घेतलं की माल आणायला पैसे उरत नाहीत, आणि यंत्र नुसतं पुसून ठेवावं लागतं. मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आणि योजनेतल्या ‘तरुण’ नावाच्या गटातलं कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. जिल्हा उद्योग केंद्र शिवाजीनगरला आहे, अनुदानाच्या योजनांची चौकशी तिथेच करा, एजंटाकडे नको.

व्याजाचा दर विचारताना ‘फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिलकीवर’ हे विचारा. दोन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट १२ टक्के म्हणजे प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्याही वर. ‘शेकडा पाच’ म्हणणारा महिन्याचं सांगत असतो. वर्षाला ते ६० होतात.

पायरी ९ : तुम्ही नसताना चालतंय का

वर्षातून एकदा आठवडाभर गावी जा आणि दुकान चालू ठेवा. परत आल्यावर कळेल काय काय फक्त तुमच्या डोक्यात होतं : अडत्याचा नंबर, कुणाला किती सूट, फ्रीजच्या मेकॅनिकचं नाव. ते सगळं लिहून काढा. भाजणीचं प्रमाणसुद्धा. कामगाराला प्रमाण कळलं तर तो वेगळा धंदा काढेल, ही भीती मी नेहमी ऐकतो. काढेलही. पण प्रमाण तुमच्याबरोबर आजारी पडलं तर उद्याच दुकान बंद. दहा माणसांपासून ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि वीसपासून पीएफ लागू होतो, हे दहावा किंवा विसावा माणूस घेताना नाही, त्याच्या बरंच आधी आठवा.

पायरी १० : थांबायची रेघ आखून ठेवा

चांगलं चाललेलं असतानाच ठरवा : सलग किती महिने तुमचा पगार निघाला नाही तर थांबायचं, आणि घरातलं किती घालायचं नाही. मी सहा महिने सांगतो. दुसरे कुणी वर्ष म्हणतील, धंद्यावर आहे. आकडा घरातल्यांना माहीत असू द्या.

थांबायचं ठरलं तर नुसतं शटर ओढून निघून जाऊ नका. जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्ज करा. तोपर्यंत विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपये दंड चढत राहतो. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र. व्यवसाय कराचा नंबर बंद करा, नाहीतर दरवर्षी २,५०० मागत राहतील. क्यूआर कोड काढून घ्या. कामगारांचे पैसे आधी द्या, व्यापाऱ्यांचे नंतर, आणि दोघांकडून ‘पावले’ची सही घ्या. जागेची नोटीस लेखी द्या, पोच घ्या. आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत किल्ली देऊ नका.